‘स्टारफील्ड’ दुसऱ्यांदा खेळण्यात दम आहे का?

‘स्टारफील्ड’ या अंतराळातल्या व्हिडिओ गेमबद्दल एका भावाचा प्रश्न आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, नागपूरचाच. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: “‘स्टारफील्ड’ ११० तास खेळलो. मुख्य कथा संपत आली, युनिटीच्या, म्हणजे नव्या विश्वात नेणाऱ्या दाराच्या, समोर सेव्ह करून ठेवलंय. मित्र म्हणतो आत जा, खरा गेम तिथून पुढे सुरू होतो. पण शेवटचे तीसेक तास मी एकच कारखाना वेगवेगळ्या ग्रहांवर साफ करतोय असं वाटत होतं. हजार ग्रह आहेत म्हणतात, मग मिशन संपली कशी? पुन्हा खेळण्यात काही दम आहे, की डिलीट करून जागा मोकळी करू?”

मी बारा वर्षं झाली, गेमसाठी क्वेस्ट, म्हणजे खेळणाऱ्याने पार पाडायच्या कथा, लिहितो. त्रिमूर्तीनगरातल्या घरूनच काम चालतं. ‘स्टारफील्ड’ बनवण्याशी माझा काही संबंध नाही, पण तीन वेगवेगळी पात्रं घेऊन तो खेळलोय, आणि तिसऱ्या वेळी तर वही-पेन घेऊन बसलो होतो. म्हणून जरा लांबच उत्तर देतो. ज्यांची मुख्य कथा व्हायची आहे त्यांनी इथेच थांबावं, पुढे बरीच गुपितं फुटणार आहेत.

भाऊ, तुम्ही विचारलंय मिशन किती उरली. माझ्या मते तुमची अडचण ती नाही. ११० तासांत या गेममधली सगळी मिशन होत नाहीत, तुमचीही बरीच बाकी असणार. खरी अडचण अशी दिसते की उरलेली मिशन केली काय, न केली काय, गेमला त्याचं काही वाटणार नाही असं तुम्हाला वाटायला लागलंय. मिशन कमी पडली तर आणखी मिशन हा उपाय असतो. पण गेम आपली दखल घेत नाही असं एकदा मनात आलं, की आणखी मिशन ओतल्याने कंटाळाच वाढतो.

काही गोष्टी तुमच्या खेळण्यावर अवलंबून आहेत आणि प्रश्नात त्या दिसत नाहीत. ११० पैकी किती तास मिशन बोर्डावरच्या कामांत गेले? व्हॅनगार्ड, रेंजर्स, रयुजिन आणि क्रिमसन फ्लीट या गटांच्या, म्हणजे फॅक्शनच्या, चार मोठ्या कथांपैकी किती पूर्ण केल्या? संवाद ऐकलेत की बटण दाबत पुढे गेलात? चारही कथा मन लावून केलेल्या माणसाला आणि मुख्य कथेमागे सुसाट धावलेल्या माणसाला माझं उत्तर सारखं असणार नाही. मी असं धरून चालतो की तुम्ही मुख्य कथा आणि एखाद-दोन फॅक्शन केलेत, आणि मधला बराच वेळ ग्रहांवर उतरून जे दिसेल ते साफ करण्यात गेला. बहुतेकांचं तसंच होतं.

आता हजार ग्रहांचं. बेथेस्डाने हा गेम ६ सप्टेंबर २०२३ ला आणला तेव्हा हजाराहून जास्त ग्रह हीच मोठी जाहिरात होती, आणि ती खरीच आहे. पण ग्रह आणि क्वेस्ट वेगवेगळ्या हातांनी बनतात. तुम्ही जहाज उतरवता तिथली जमीन संगणक त्या वेळी रचतो आणि तिच्यावर आधीच बनवून ठेवलेल्या जागा आणून टेकवतो. खाण, प्रयोगशाळा, सोडून दिलेला कारखाना, सगळं एका साठ्यातून येतं. जमीन कितीही रचता येते, साठा मात्र मोजकाच. म्हणून पन्नासाव्या तासाला जी क्रायो लॅब पाहिली, तीच ऐंशीव्या तासाला दुसऱ्या ताऱ्याभोवती पुन्हा भेटते. तोच जिना, तेच प्रेत, त्याच टेबलावर तीच चिठ्ठी.

यात मला सर्वात जास्त खुपते ती चिठ्ठी. रिकामी इमारत दोनदा दिसली तर डोळा माफ करतो, सरकारी क्वार्टर्सही एकसारखी असतात. पण चिठ्ठीत नाव असतं. कोणीतरी आपल्या सोबत्याला काही लिहून ठेवलेलं असतं, पहिल्यांदा वाचताना आपण क्षणभर थांबतो. तीच चिठ्ठी दुसऱ्या ग्रहावर सापडली की नुसती दुसरी नाही, पहिलीही खोटी ठरते. माझ्या कामात मी हा नियम कधी मोडू देत नाही: जिथे माणसाचं नाव आहे ती जागा संपूर्ण गेममध्ये एकदाच. पुन्हा वापरायची असेल तर नाव काढा, पत्र काढा, नुसत्या भिंती ठेवा. तुमचे ते तीस तास या एका गोष्टीने खाल्लेत. तुम्ही खेळायला कमी पडलात असं अजिबात नाही.

मिशन बोर्डावरची कामंही त्याच जातीची. अमुक ठिकाणचे चाचे मारा, माल पोचवा, ग्रहाचं सर्वेक्षण करा. जागा आणि आकडा बदलतो, काम तेच. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्येही अशी न संपणारी कामं होतीच. ती खिशात पैसे नसताना करायची. त्यांच्याकडून कथेची अपेक्षा ठेवली की निराशा ठरलेली.

हाताने लिहिलेलं मात्र भरपूर आहे, हे मी जोर देऊन सांगतो. गेममध्ये संवादाच्या अडीच लाखांहून जास्त ओळी आहेत असं दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी गेम येण्याआधीच सांगितलं होतं. लिखाण कमी पडलं अशी तक्रार करता येत नाही. मग दुसऱ्या फेरीत ते शिळं का लागतं?

याचं कारण माझ्या मते दारं बंद न होण्यात आहे. ‘स्टारफील्ड’मध्ये एकच माणूस युनायटेड कॉलनीज या सत्तेच्या व्हॅनगार्ड दलात भरती होतो, फ्रीस्टार या दुसऱ्या सत्तेचा रेंजर होतो, आणि वर रयुजिन या कंपनीसाठी इतर कंपन्यांची गुपितंही चोरतो. युनायटेड कॉलनीज आणि फ्रीस्टार यांच्यात मोठं युद्ध होऊन गेलंय, तरी दोन्हीकडचा बिल्ला लावून फिरलात तर कोणी फारसं हटकत नाही. फक्त क्रिमसन फ्लीटच्या कथेत शेवटी चाचे की त्यांच्या मागावर असलेलं सिसडेफ दल, असा सरळ तुकडा पाडावा लागतो. याच स्टुडिओच्या २००२ च्या ‘मोरोविंड’मध्ये तीन मोठी घराणी होती आणि एका पात्राला एकाच घराण्यात जाता यायचं. बाकी दोन घराण्यांची अख्खी कथा त्या फेरीपुरती गेली. दुसऱ्यांदा खेळायचं कारण तिथेच तयार व्हायचं.

हे असं का करतात तेही सांगतो, कारण त्या टेबलावर मी बसलेलो आहे. मोठ्या गेममध्ये एक प्रसंग उभा करायला लेखक, आवाज देणारे, ॲनिमेशनवाले, चाचणीवाले असे कितीतरी लोक राबतात. तुम्ही म्हणालात की हा प्रसंग अमुक वाट निवडणाऱ्यालाच दिसेल, की लगेच प्रश्न येतो: मग एवढा खर्च कशाला? खेळणारे बहुतेक लोक एकदाच खेळतात, तेव्हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याला दरवेळी मान तुकवली तर शेवटी असा गेम तयार होतो ज्यात सगळ्यांना सगळं दिसतं, आणि परत यायला कोणाकडे कारण उरत नाही.

एक अनुभव सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका छोट्या स्पेस गेमसाठी मी क्वेस्ट लिहीत होतो. कक्षेत फिरणारं एक स्थानक, पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलेलं, आठवड्यातून एकदा टँकरचं जहाज येतं. कोणत्या मजल्याला किती पाणी सोडायचं हे पंपावर बसणारी एक म्हातारी ठरवते. नागपूरच्या मे महिन्यात ज्याने बादली घेऊन टँकरची वाट पाहिली आहे, त्याला हे सुचायला अंतराळात जावं लागत नाही.

कोड लिहायच्या आधी मी क्वेस्ट कागदावर खेळवून बघतो. हॉलच्या फरशीवर पोस्टकार्डाएवढे कागद मांडले, एक कागद म्हणजे एक प्रसंग. कूलरच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर स्टीलची वाटी पालथी. खेळायला मावसभाऊ, त्याचे कॉलेजातले दोन मित्र आणि शेजारची आर्किटेक्चर शिकणारी मुलगी.

पहिल्या मसुद्यात तीन शेवट होते, आणि मला ते फार आवडले होते. मावसभाऊ शेवटापाशी आला, निर्णय घेतला, त्याची वाटी उचलून कागद वाचला. मग हात लांब करून बाकीच्या दोन वाट्याही उचलल्या. “झालं, तिन्ही पाहिले.” सगळ्यांनी तेच केलं. पुढच्या रविवारी ‘पुन्हा खेळू’ असं एकालाही वाटलं नाही. फरक शेवटच्या कागदात कोंडला की माणूस पुन्हा खेळत नाही, फक्त मागचा सेव्ह लोड करून बघतो.

दुसऱ्या मसुद्यात मी शेवट दोनच ठेवले आणि सगळी मेहनत सुरुवातीवर घातली. तुम्ही स्थानकावर टँकरमधून उतरता की अधिकाऱ्यांच्या जहाजातून, यावर म्हातारी वेगळी वागते. टँकरमधून आलेल्याला ती बस म्हणते, कोणत्या मजल्यावर किती लेकरं आहेत ते सांगते. अधिकाऱ्यासोबत आलेल्याला नुसते आकडे देते, आणि तोंड उघडायच्या आधी टेबलावरचा दिवा मालवते. का मालवते, हे त्या वाटेवर कुठेच कळत नाही.

शेजारची मुलगी अधिकाऱ्याच्या वाटेने खेळली. यंत्र दुरुस्त केलं, क्वेस्ट संपला. चहा पिता पिता तिने विचारलं, “तिने दिवा काहून बंद केला जी?” मी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी ती न बोलावता आली आणि म्हणाली, आज मला टँकरमधून उतरू द्या. त्या वाटेवर दिवा चालू राहतो, आणि त्याच्या उजेडात मागच्या भिंतीवर खडूच्या रेघा दिसतात. म्हातारीने वहीत न लिहिता कोणाला जास्तीचं पाणी सोडलं, त्याचा हिशोब. ती रेघांचा कागद हातात धरून बराच वेळ बसली होती. त्या दिवशी मला या कामातलं बरंच काही कळलं.

लहानपणी मी मारबतीची मिरवणूक इतवारीतल्या मामाच्या गॅलरीतून बघायचो. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, सगळं वरून दिसायचं आणि वाटायचं आपण सगळं पाहिलं. अकरावीत असताना पहिल्यांदा खाली उतरून सोबत चाललो. मिरवणूक तीच, पण कोण ओढतंय, कोण ओरडतंय, कोण घामाने भिजलंय ते पहिल्यांदा दिसलं. क्वेस्टचंही तसंच आहे. दुसऱ्या फेरीत उभं राहायची जागा बदलली पाहिजे.

आता ‘स्टारफील्ड’मध्ये हे कुठे मिळतं ते बघू. मिळतं, फक्त विखुरलेलं आहे.

सर्वात चांगलं उदाहरण व्हॅनगार्डची कथा. टेरॉरमॉर्फ नावाचे राक्षसी प्राणी कुठून येतात हे त्या कथेचं रहस्य. जहाजांना चिकटणारा तो क्षुल्लक किडा, हीटलीच, तोच पुढे टेरॉरमॉर्फ होतो, हे शेवटाकडे कळतं. पहिल्या फेरीत हीटलीच दिसली की आपण गोळी मारून पुढे जातो. दुसऱ्या फेरीत तीच दिसली की पोटात गोळा येतो, आणि ‘हे किडे जहाजात घुसलेत, जरा साफ करा’ असं कोणी सहज बोललं तरी कान टवकारतात. इथे गेमने काहीच बदललेलं नाही, बदललो आपण. असं लिहायला फार कौशल्य लागतं, आणि ज्यांनी ते लिहिलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

दुसरं म्हणजे निशिना प्रयोगशाळेचं मिशन, ‘एन्टँगल्ड’. एकाच इमारतीची दोन विश्वं. एकात अपघात झाला आणि राफाएल हा एक कर्मचारी सोडून सगळे गेले, दुसऱ्यात सगळे वाचले आणि राफाएल गेला. तुम्ही पापणी लवावी तसे इकडून तिकडे जात राहता. बहुतेक जण एकाला वाचवून बाहेर पडतात. दोघांनाही वाचवायची वाट आहे, पण ती धांदलीत सापडत नाही, खोल्या नीट धुंडाळाव्या लागतात. हा एक क्वेस्ट एकट्याने दुसऱ्या फेरीची किंमत वसूल करतो.

पोरिमा दोनवरचं ‘फर्स्ट काँटॅक्ट’ मला अर्धं जमलेलं वाटतं. पृथ्वीवरून दोनशे वर्षांपूर्वी निघालेलं ‘कॉन्स्टंट’ जहाज आपल्या ठरलेल्या ग्रहावर पोचतं, आणि तिथे पॅराडिसो नावाचं पंचतारांकित रिसॉर्ट उभं. कल्पना जबरदस्त आहे. पण पर्याय काय, तर त्या लोकांना रिसॉर्टसाठी राबायला लावा, स्वतःच्या खर्चाने ग्राव्ह ड्राइव्ह, म्हणजे दूरच्या ताऱ्यांकडे झेप घेणारं इंजिन, घेऊन द्या, नाहीतर जहाजच उडवा. रिसॉर्टच्या संचालकांना वाकवायची खरी वाट ठेवलेलीच नाही. दोनशे वर्षांच्या प्रवासाचा भार एका खरेदी-विक्रीवर आणून सोडलाय. इथे दुसऱ्यांदा जाऊन नवीन काही हाती लागत नाही, म्हणून हे एकदा केलं की सोडून द्या.

मुख्य कथेतलं ‘हाय प्राइस टू पे’ तुम्ही केलेलंच आहे. हल्ला झाल्यावर लॉजवर, म्हणजे आपल्या गटाच्या घरी, थांबायचं की ‘आय’ या अंतराळस्थानकाकडे धावायचं. जिथे गेला नाहीत तिथला जवळचा साथीदार मरतो. तुमच्या फेरीत कोण गेलं ते तुम्हालाच ठाऊक. पण दुसऱ्या फेरीत वेगळ्या साथीदाराशी जवळीक केलीत तर धोक्यात येणारं माणूसही वेगळं असतं, आणि हे आधीच ठाऊक असताना कोणाशी मैत्री करावी, हा प्रश्न खेळता खेळता छळायला लागतो.

इथवरचं दोन ओळीत: कंटाळा आला तो पुन्हा पुन्हा येणाऱ्या जागांचा आणि बोर्डावरच्या कामांचा. हाताने लिहिलेल्या कथांत अजून दम आहे, पण त्यांच्याकडे वेगळा माणूस होऊन जावं लागेल.

म्हणून युनिटीबद्दल माझं मत तुमच्या मित्रापेक्षा वेगळं आहे. आत गेलात की जहाज, पैसा, हत्यारं, वस्त्या सगळं सुटतं. लेव्हल, स्किल आणि पॉवर, म्हणजे मंदिरांतून मिळालेल्या शक्ती, सोबत येतात. लॉजवर जाऊन ‘मी स्टारबॉर्न आहे’, म्हणजे युनिटी ओलांडून आलोय, असं सांगितलंत तर मुख्य कथेला वळसा घालून नुसती आर्टिफॅक्ट, म्हणजे युनिटीकडे नेणारे गूढ तुकडे, गोळा करता येतात. कधीकधी लॉजवरच फार चमत्कारिक विश्व भेटतं, एकात तर माणसांच्या जागी झाडं असतात. ते प्रसंग मजेचे आहेत, पण बदल बहुतेक लॉजपुरताच राहतो, व्हॅनगार्ड आणि रेंजर्सच्या कथा जशाच्या तशा. स्टारबॉर्नचा पोशाख दहाव्या फेरीपर्यंत चांगला होत जातो, म्हणून लोक दहा वेळा युनिटी ओलांडतात. चोवीस पॉवर, त्यांची मंदिरं, आणि प्रत्येक मंदिरात हवेत तरंगत त्याच प्रकाशाच्या ठिपक्यांमागे धावायचं. तुम्हाला एका कारखान्याचा कंटाळा आला होता, हे त्याहून वाईट होईल.

आणखी एक. तुमची लेव्हल सोबत आली म्हणजे तुम्ही कोणालाही हरवू शकता, कोणतंही कुलूप उघडू शकता. दारं आधीच कमी बंद होणाऱ्या गेममध्ये उरलीसुरलीही उघडीच. माणूस कमजोर असतो तेव्हाच त्याला निवड करावी लागते. एक अपवाद सांगतो: व्हॅनगार्ड आधी पूर्ण केलं असेल तर एकदाच, फक्त एकदाच, युनिटीतून जाऊन ती कथा पुन्हा करा. स्टारबॉर्नला पुढचं ठाऊक आहे म्हणून काही ठिकाणी संवादात वेगळे पर्याय येतात, आणि समोरच्याला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत असताना बोलणं अंगावर येतं.

बाकी माझा सल्ला असा. युनिटीसमोरचा सेव्ह तसाच राहू द्या, तो कुठे पळून जात नाही. अगदी नवीन पात्र काढा. एकाच फॅक्शनचं व्हायचं असं आधीच ठरवा आणि बाकीच्यांना स्वतः नकार द्या. गेम दार लावत नाही, तर आपण लावायचं. चाच्यांचं पात्र करणार असाल तर व्हॅनगार्डच्या वाटेला जाऊच नका. ट्रेट, म्हणजे पात्र बनवताना निवडायची वैशिष्ट्यं, तिन्ही घ्या, आणि ते संवादात उमटतील असे घ्या. ‘किड स्टफ’ घेतलं तर न्यू अटलांटिसमध्ये आई-वडील भेटतात, त्यांच्याकडे मधूनमधून जात राहा. ३० सप्टेंबर २०२४ ला आलेलं ‘शॅटर्ड स्पेस’ हे जादा कथानक तुमच्याकडे असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर ‘सर्पंट्स एम्ब्रेस’ हा हाउस वारून या धर्मपंथात वाढल्याचा ट्रेट घ्या. ती कथा हाताने घडवलेल्या एकाच ग्रहावर घडते आणि तो हाउस वारूनचा आहे. परका म्हणून तिथे उतरणं आणि त्यांच्यातला म्हणून उतरणं यात फरक पडतो.

मिशन बोर्डाकडे बघू नका. स्कॅनरवर दिसलेल्या प्रत्येक ठिपक्याकडे धावू नका, कोणी पाठवलं तरच ग्रहावर उतरा. असं खेळलं तर ती पुन्हा पुन्हा येणारी लॅब फारशी भेटणारच नाही. चाळीसेक तासांत एक माणूस पुरा होतो, आणि परीक्षा असेल तर ती आधी.

खेळून झालं की लिहा. पहिली हीटलीच कुठे दिसली आणि ती दिसल्यावर तुम्ही गोळी लगेच झाडली की थोडं थांबून पाहिलं, एवढं नक्की सांगा.